ट्रॅक्टर, मोटर, बांधावरचा साग आणि आईचं सोनं: यातलं जंगम काय आणि मालक कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, दोन भाऊ आणि लग्न झालेली बहीण. जमिनीला आणि घराला वारस नोंद झाली, तिथे वाद नाही. वाद आहे तो बाकीच्या गोष्टींवरून. थोरला म्हणतो, ट्रॅक्टर मी चालवतो, म्हणून माझा. धाकटा विहिरीवरची मोटर काढून आपल्या बोअरवर बसवायला निघालाय. बँकेतल्या ठेवीला आणि शेअर्सना धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलेलं आहे, त्यामुळे ते पैसे आपलेच असं तो धरून चाललाय. शेतात ऊस उभा आहे, बांधावर साग आहे, आणि आईच्या अंगावरच्या सोन्याचीही 'तिघांत' वाटणी करायचं घाटतंय. यातलं स्थावर कुठलं, जंगम कुठलं आणि कायद्याने मालक कोण, असं बहिणीने विचारलंय.

आधी एक गोष्ट दुरुस्त करून घ्या. वडिलांची मालमत्ता स्वकष्टाची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईसुद्धा मुलांइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे वाटे तीन नाहीत, चार आहेत. जंगम वस्तूंच्या बाबतीत हे हटकून विसरलं जातं. सात-बाराला आईचं नाव लागतं, कारण तलाठी वारसांची यादी मागतो. ट्रॅक्टर, मोटर, भांडी, ठेवी यांच्यासाठी अशी यादी घरात कुणी मागत नाही.

दिवाणी कामात वर्षानुवर्षं दिसत आलेली एक खोड सांगतो. जमिनीच्या बाबतीत आपल्याला 'नाव कुणाचं लागलंय' हे बघायची सवय असते. तीच सवय आपण जंगमाला लावतो. आरसी बुकावर नाव, नॉमिनीत नाव, पावतीवर नाव म्हणजे मालक. किंवा उलट टोक गाठतो, ज्याच्या हातात वस्तू तो मालक. खरं तर नाव, ताबा आणि मालकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच माणसाकडे असल्या तर भांडण होतच नाही. तुमच्या घरात त्या तीन ठिकाणी विखुरल्या आहेत, म्हणून प्रश्न उभा राहिला.

आता वर्गवारी. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये स्थावराची व्याख्या आहे: जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ, जमिनीला जोडलेल्या वस्तू, आणि अशा जोडलेल्या वस्तूंना कायमच्या बसवलेल्या वस्तू. जंगमाची व्याख्या त्याच कायद्यात एका ओळीत आटोपली आहे. स्थावर नाही ते सगळं जंगम. म्हणून जंगमात फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू येतात असं समजू नका. शेअर, कारखान्याकडून येणं असलेलं ऊसबिल, बँकेतली ठेव, कुणाला दिलेली हातउसनी रक्कम, हे सगळं जंगमच.

'उचलून नेता येतं ते जंगम' ही लोकांची कसोटी निम्म्या वेळा बरोबर येते आणि निम्म्या वेळा दगा देते. तुमची मोटर हे त्याचं चांगलं उदाहरण. न्यायालयं मुख्यतः दोन गोष्टी बघतात. वस्तू कशी आणि किती घट्ट बसवली आहे, आणि कशासाठी बसवली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ चा रोख दुसऱ्या मुद्द्यावर आहे. भिंतीसारख्या जमिनीत रुतवलेल्या गोष्टीला एखादी वस्तू, त्या गोष्टीचा कायम उपभोग घेता यावा म्हणून जोडली असेल, तर तीही जमिनीला जोडलेली. वाड्याचा दरवाजा बिजागरीतून उचलून काढता येतो, पण तो घराचा दरवाजा आहे, घराबरोबर जातो. त्याच वाड्यात तुळईच्या कड्यांना लावलेला झोपाळा मात्र बसणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, तो जंगम.

पाणबुडी मोटर चेन-पुली लावून तासाभरात वर येते. ती बदलतात, दुरुस्तीला नेतात, जुनी विकतात. विहीर तिच्यावाचून मोडत नाही. बोल्टने पायावर बसवलेली यंत्रं काढून दुसरीकडे नेता येत असतील तर ती जंगम, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या सिरपूर पेपर मिल्सच्या आणि २०१० च्या सॉलिड अँड करेक्ट इंजिनिअरिंगच्या प्रकरणात धरलं. दुसऱ्या प्रकरणात डांबर मिसळायचा प्लांट होता, आणि तो पायावर घट्ट केला होता तो केवळ चालताना हादरू नये म्हणून. याच न्यायानं तुमची मोटर आणि स्टार्टर जंगम. पण विहिरीपासून शेतापर्यंत जमिनीखाली पुरलेली पाइपलाइन आणि विहिरीचं बांधकाम जमिनीबरोबर राहील. म्हणजे मोटर वडिलांच्या जंगम मालमत्तेत येते, चौघांची आहे, आणि एकट्या धाकट्याला ती काढून न्यायचा अधिकार नाही. तिची किंमत धरून ती कुणाच्या तरी वाट्याला घाला. ज्याच्या वाट्याला विहिरीजवळची जमीन येईल त्यालाच ती द्यावी हे शहाणपणाचं, आणि पाण्याच्या पाळ्या वाटणीपत्रात लिहून काढा.

इथे थोडं थांबून एक महत्त्वाचं सांगतो, कारण इंटरनेटवर निकाल वाचून येणारे लोक यातच गोंधळतात. एकच वस्तू एका कायद्यासाठी जंगम आणि दुसऱ्या कायद्यासाठी स्थावरासारखी असू शकते. मोबाइल टॉवरचं बघा. २०१६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने टॉवरला मालमत्ता कराच्या दृष्टीने 'इमारत' मानलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारती एअरटेल आणि पुण्याच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की टॉवर ही जंगम वस्तू आहे, ती सुटी करून दुसरीकडे नेता येते, जागेला जखडली आहे ती डळमळू नये म्हणून, आणि म्हणून कंपनीला कराची वजावट मिळेल. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. तेव्हा 'हे जंगम आहे का?' असं विचारताना पुढे 'कशासाठी?' हे जोडायलाच हवं. कर भरायला, दस्त नोंदवायला, चोरीची फिर्याद द्यायला की वाटणी करायला?

बांधावरचा साग याच कारणाने नाजूक विषय आहे. झाड जमिनीत मुळं धरून आहे तोवर स्थावर. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा, दोन्ही 'उभं इमारती लाकूड', उभी पिकं आणि गवत स्थावरातून वगळतात. नोंदणी कायदा तर झाडावरची फळं आणि झाडातला रस हेही स्पष्टपणे जंगमात घालतो. कोकणात एका हंगामाचा आंबा व्यापाऱ्याला कराराने दिला तर त्याला रजिस्टर दस्त लागत नाही तो यामुळे. मग साग हे झाड की इमारती लाकूड? याचं उत्तर १९५८ च्या शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या निकालात आहे. एका जमीनदाराने १९४८ साली २६,००० रुपये घेऊन आपल्या पत्नीला जंगलातलं सरपण, बांबू आणि साग तोडून नेण्याचा हक्क पुढच्या अनेक वर्षांसाठी लिहून दिला. दस्त नोंदवलेला नव्हता. जमीनदारी सरकारजमा झाल्यावर तोड थांबवली गेली आणि बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी फरक सांगितला तो असा: झाड लवकरच तोडायचं ठरलं असेल, जमिनीतून पोषण घेऊन आणखी वाढवत ठेवण्याचा इरादा नसेल, तर ते इमारती लाकूड, म्हणजे जंगम. वर्षानुवर्षं वाढू देऊन मग तोडत राहायचा हक्क असेल तर तो जमिनीपासून मिळणारा लाभ, म्हणजे स्थावर, आणि त्याला नोंदणी हवीच.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. साग आत्ता तोडून विकायचा असेल तर येणारी रक्कम चार वाट्यांत जाईल, आणि तोडण्याआधी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याखाली परवानगी काढावी लागेल. 'जमीन तुझी, पण त्यावरचा साग मोठा झाला की माझा' असा तह करायचा असेल तर तो साध्या कागदावर करू नका. असा कागद कोर्टात टिकत नाही.

उभा ऊस मालकीच्या दृष्टीने जंगम. पण तो कुणी केला हे बघा. लागण वडिलांच्या हयातीतली असेल तर त्या उसाचं बिल वडिलांच्या मालमत्तेतलं, चौघांचं. पुढचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटणारं पीक) थोरल्याने स्वतःच्या खर्चाने राखला असेल तर खत, पाणी, मजुरी वजा करून हिशेब व्हायला हवा. त्याने राबून वाढवलेलं पीक सरसकट चार भागांत कापणं न्यायाचं नाही, आणि सामायिक जमिनीचं सगळं उत्पन्न त्याने एकट्याने घेणंही नाही. आणखी एक लक्षात ठेवा. फौजदारी कायद्यात उभा ऊस जमिनीला जोडलेला, म्हणून चोरीचा विषय होत नाही. मात्र कोयता लागला की तो जंगम होतो, आणि तोडून नेणं हीच चोरी ठरू शकते. भावाभावांत तिथपर्यंत जाऊ नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

आता मालकी. आपल्याकडे कुठल्याही एका कलमात मालकीची व्याख्या दिलेली नाही. वापरण्याचा हक्क, उत्पन्न घेण्याचा हक्क, दुसऱ्याला दूर ठेवण्याचा हक्क, विकण्याचा, दान देण्याचा, तारण ठेवण्याचा हक्क, असे अनेक हक्क मिळून मालकी होते आणि यातले काही सुटे करून दुसऱ्याला देता येतात. ट्रॅक्टर कर्जावर असेल तर तो बँकेकडे नजरगहाण असतो: ताबा आणि वापर तुमचा, पण कर्ज फिटेपर्यंत विक्रीच्या हक्काला वेसण. वडिलांचं कर्ज वारसांवर येतं ते त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, तुमच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही. बँकेचा माणूस दारात येऊन वेगळं काही सांगू लागला तर हे त्याला शांतपणे सांगा. वाटून घेतलेल्या हक्कांचं गावाकडचं उदाहरण म्हणजे सांभाळायला दिलेली गाय. करार कायद्याचं कलम १६३ नेमकं हेच उदाहरण देतं. गाय सांभाळायला दिली आणि ती व्यायली, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास वासरूही मालकाचं.

ताबा म्हणजे मालकी नव्हे, पण ताब्याला वजन आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११३ प्रमाणे, जुन्या पुराव्याच्या कायद्यात कलम ११०, ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो मालक नाही असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. थोरल्याच्या ट्रॅक्टरच्या दाव्याला यातून थोडं बळ मिळेल का? तुमच्याकडे वडिलांच्या नावचं आरसी, विक्रेत्याचं बिल आणि कर्जाचा खातेउतारा असेल तर नाही. सामायिक वस्तूचा एका हिस्सेदाराकडे असलेला ताबा हा सगळ्यांच्या वतीचा ताबा धरला जातो. चालवतो म्हणून तो मालक होत नाही.

मात्र धोका दुसरीकडे आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचा मूळ नियम असा की विकणाऱ्याकडे जेवढी मालकी, तेवढीच घेणाऱ्याला मिळते. चोराकडून घेतलेली वस्तू, घेणारा कितीही प्रामाणिक असला तरी, त्याची होत नाही. पण कलम २८ चा अपवाद आहे. इतर सहमालकांच्या संमतीने वस्तू एकट्याच्या ताब्यात असेल, आणि त्याने ती विकली, तर प्रामाणिकपणे घेणाऱ्याला पूर्ण मालकी मिळते. तुम्ही गप्प बसलात, वस्तू भावाकडे राहू दिली आणि त्याने मळणी यंत्र किंवा मोटर परगावच्या माणसाला विकली, तर ती वस्तू परत मिळवणं फार कठीण. मग भावाकडून पैसे मागत बसावं लागतं. म्हणून आजच दोघा भावांना पत्र द्या: या या वस्तू सामायिक आहेत, वाटणी होईपर्यंत विकायला, हलवायला माझी संमती नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. नात्यात कटुता येईल असं वाटेल, पण चार ओळींच्या पत्राने येणारी कटुता पुढच्या दाव्याच्या मानाने काहीच नाही.

ट्रॅक्टरचं आरसी बुकही नीट करून घ्या. गाडीची मालकी आरसीने जन्माला येत नाही, ती व्यवहाराने किंवा वारशाने येते. पण मोटार वाहन कायद्यापुरता 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर नोंद तो. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच टाकली. स्कूटर विकून नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून देणाऱ्या सर्वांनी हा निकाल लक्षात ठेवावा. मालक वारल्यावर तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं असतं. तुमची मुदत उलटली आहे, दंड भरून करून घ्या. नाव एकाच भावाचं लावलं तरी बाकीच्यांचा हिस्सा बुडत नाही. तसं संमतिपत्रात स्पष्ट लिहा: नाव सोयीसाठी, किंमत वाटणीत धरायची.

नॉमिनीचं मात्र ठासून सांगायला हवं. शेअर्सच्या नॉमिनीबद्दल मुंबई उच्च न्यायालयात बराच काळ घोळ होता. २०१० मध्ये एका न्यायमूर्तींनी नॉमिनीच मालक होतो असं म्हटलं, २०१६ मध्ये खंडपीठाने ते चूक ठरवलं. शेवटी १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विषय मिटवला. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीवरून निघालेला हा वाद. निर्णय असा: नॉमिनेशन म्हणजे कंपनीने कुणाकडे शेअर सोपवून मोकळं व्हायचं याची सोय. त्यामुळे वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. बँक ठेवीचंही तेच, धाकट्याला पैसे देऊन बँक मोकळी होईल, पण तो ते चौघांसाठी घेईल. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. तरी नॉमिनीची भूमिका तीच. आयुर्विमा तेवढा वेगळा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. तेव्हा विम्याच्या पॉलिसी असतील तर त्या वेगळ्या काढा. धाकटा तिथे नॉमिनी असेल तर ती रक्कम वाटणीत ओढू नका. ठेवी आणि शेअर्सवरून अडलंच तर १९२५ च्या वारसा कायद्याखाली न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढता येतं. ते येणी आणि रोख्यांसाठीच असतं, ट्रॅक्टरला किंवा सोन्याला नाही.

आणि आईचं सोनं. आई हयात आहे, सोनं तिचं स्त्रीधन आहे. मग त्याची वाटणी हा विषयच नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय, आणि २०२४ मध्ये दोन वेळा पुन्हा सांगितलं: नवऱ्याचा स्त्रीधनावर हक्क नाही, बापाचाही नाही. मुलांचा तर प्रश्नच नाही. वडिलांनी मोडायला किंवा गहाण ठेवायला घेतलेलं असेल तर ते आईचं वडिलांच्या मालमत्तेकडून येणं आहे. आईने मनाने काही मुलीला किंवा सुनेला द्यायचं म्हटलं तर हातात देऊन देता येतं. जंगमाचं दान ताबा देऊन पूर्ण होतं, त्याला रजिस्टर दस्त लागत नाही. ती गेल्यावर, मृत्युपत्र नसेल तर, मुलगे आणि मुलगी सारखेच.

तुमचं कुटुंब गोव्यात असतं तर हिशेबाची सुरुवातच निराळी झाली असती. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामायिक, ट्रॅक्टर आणि ठेवींसकट. आईचा अर्धा भाग आधी बाजूला निघाला असता आणि उरलेला अर्धाच वडिलांचा म्हणून मुलांत गेला असता. महाराष्ट्रातल्या आयांना हे संरक्षण नाही, म्हणून त्यांच्या हिश्शाची आठवण कुणीतरी करून द्यावी लागते.

कामाचं असं करा. चौघांनी एका दिवशी बसून यादी करा. ट्रॅक्टरचा चासी नंबर, मोटरचा हॉर्सपॉवर आणि कंपनी, ठेवीच्या पावत्यांचे क्रमांक, डीमॅटचा उतारा, कारखान्याचा सभासद क्रमांक आणि शेअर. आईचं सोनं त्या यादीत नको, पण तिच्या स्वतःच्या वहीत सोनाराकडून ग्रॅममध्ये वजन करून लिहून ठेवा, दागिन्यावर सहा अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक असेल तर तोही. यादीच्या प्रत्येक पानावर चौघांच्या सह्या, मोबाइलमध्ये फोटो. जंगमाची वाटणी तोंडी झाली आणि वस्तू ज्याच्या त्याच्या ताब्यात गेल्या तरी ती कायद्याने पुरी होते. नंतर आठवणीसाठी लेख करून ठेवा. त्याच कागदात जमिनीची वाटणी घातली तर मात्र मुद्रांक आणि नोंदणी दोन्ही आलं, म्हणून दोन कागद वेगळे ठेवलेले बरे.

दावा करायची वेळ आलीच तर मुदतीचं भान ठेवा. जमिनीच्या ताब्यासाठी बारा वर्षं मिळतात, ती सवय इथे घातक ठरते. विशिष्ट जंगम वस्तू परत मागण्यासाठी मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ६८ आणि ६९ खाली तीनच वर्षं आहेत. चोरीच्या किंवा हडपलेल्या वस्तूत ती वस्तू कुणाकडे आहे हे कळल्यापासून, इतर बाबतीत ती बेकायदा नेल्यापासून. धाकट्याने मोटर काढून नेलीच, तर ती तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाची नोटीस जाऊ द्या.